लॉकडाऊनमधलं कॉलेज तुम्ही कुठं बसून केलंत?

दाजीपूरची_लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. ऑनलाइन शिक्षणाचा विषय निघाला की गाडी लगेच रेंज, डेटा आणि मोबाईलवर येते. ते सगळं खरंच होतं. मी राधानगरीच्या वरच्या अंगाची, मला ते कुणी वेगळं सांगायला नको. पण माझं म्हणणं जरा निराळं आहे. आमच्यासारख्यांचं तेव्हा सगळ्यात जास्त काय गेलं असेल, तर अभ्यासाची जागा.

मार्च 2020 ला मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, कोल्हापुरात होस्टेलवर. खोलीत आम्ही चौघी, एकच खिडकी, प्रत्येकीला एक कॉट आणि भिंतीतल्या कपाटाचा एक खण. पण त्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेल्या मुलीला कुणी उठवत नव्हतं. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, 25 पासून देशच बंद. गादी-पेटी तिथंच ठेवून आम्ही गाव गाठलं. घरी आल्यावर मी परत घरातली थोरली लेक. गूगल मीटवर सर ऑर्गॅनिकची रिअ‍ॅक्शन समजावताहेत, एका कानात इअरफोन, दुसरा कान आईच्या हाकेला, हात भाकरीच्या पिठात. आईला दोष नाही. मुलगी डोळ्यांसमोर घरात आहे म्हणजे ती कॉलेजात आहे, हे तिनं कसं समजून घ्यायचं?

कोल्हापूर ही बोर्डिंगांची नगरी. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. आजही दसरा चौकात उभं राहिलं की जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग दिसतं. खेड्यातल्या पोराला नुसती फी माफ करून भागत नाही, त्याला शहरात राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे महाराजांनी ओळखलं होतं. 2020 मध्ये नेमकी ती खोलीच गेली, आणि शिक्षण चालूच आहे असं सगळीकडं सांगितलं गेलं.

तर सांगा, तुम्ही कुठं बसून शिकलात? जागा कसली होती, तिथं किती वेळ मिळायचा, मध्ये हाका कोण मारायचं? सविस्तर लिहा, घाई नाही.

भुदरगडी_गडी

वाडीच्या वरच्या टेकावर, आंब्याखाली. घरात रेंजची एक काडी यायची नाही. टेकावर गेलं की दोन काड्या, तेही पूर्वेकडं तोंड करून. आम्ही चार पोरं, कोण बी.कॉम., कोण बी.ए., कोण आयटीआय. एप्रिल-मे बरं गेलं. जून लागला आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत हाय. अंगावर प्लॅस्टिकची खोळ, मोबाईल दुधाच्या पिशवीत, पिशवीतनंच बोटानं स्क्रीन चालवायची. वहीत काय लिहिणार? शाई सगळी पसरायची. मग नुसतं ऐकायचं आणि घरी येऊन आठवंल तेवढं लिहायचं.

जागेचं तू म्हणतीस ते पटलं. आम्हा पोरांना निदान टेकावर जाता आलं. माझी बहीण बारावीला होती, तिला 'एकटी वर कशाला जातीस' म्हणून घरात ठेवली. ती तेव्हा काय शिकली हे तिलाच विचारावं लागंल.

कुंभी_काठ

+1. आमच्याकडं ग्रामदैवताच्या देवळाचा सभामंडप. देऊळ दर्शनाला बंद, पण मंडप उघडा. पुजारी मामा रोज सकाळी झाडून ठेवायचे आणि कुणी गप्पा मारायला आलं की हाकलायचे, 'पोरांचा तास चाललाय' म्हणून.

हातकणंगलेची_सून

धाग्याशी मी सहमत नाही, आणि ते स्पष्टच लिहिते.

बारावीनंतर लग्न झालं. बी.ए. बाहेरून केलं, जमेल तसं. एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा रोज एसटीनं कोल्हापूरला जायचं म्हटल्यावर घरात नाराजी होती. आठवड्यातून दोन दिवस जमायचं, तेही सासूबाईंची तब्येत बरी असली तर. लॉकडाऊन लागला आणि तास मोबाईलवर आले. कामं मी तशीही पहाटे उरकतच होते. दुपारी साडेबाराचा तास मी माडीवर गव्हाच्या कणगीला टेकून ऐकायचे. आयुष्यात पहिल्यांदा एका पेपरचे सगळेच्या सगळे तास माझ्या कानावर पडले. एकदा तर कवितेवर बोलताना बाईंनी मला प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी मी, तिथं बोलले नसते.

तुमची खोली गेली, मान्य. पण ज्यांना खोली कधी मिळालीच नव्हती अशा आम्हा बायकांना त्या दोन वर्षांत थोडी जागा झाली. कॉलेज उघडल्यावर ती परत गेली. माझं दुसरं वर्ष हजेरीवरून अडकता अडकता राहिलं.

दाजीपूरची_लेक

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमची बाजू माझ्या डोळ्यांसमोर नव्हती. एक विचारू का? माडीवर तुम्ही बसायचात तेव्हा घरचे कसं मानायचे? माझ्याकडं तर वर जाऊन बसलं की 'वर काय करतीय' सुरू व्हायचं.

हातकणंगलेची_सून

मानायचे नाहीत गं. आमच्या मिस्टरांनी एकदा जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, साडेबारा ते दोन हिला हाक मारायची नाही. एवढंच. ते एक वाक्य कुणीतरी बोलायला लागतं, आणि ते बोलणारं माणूस सगळ्यांच्या घरात नसतं हे मला कळतंय.

फौंड्रीवाला_पंक्या

ताईंना माझा पाठिंबा. मी शिरोली एमआयडीसीत मोल्डिंगला. डिप्लोमा करून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेतलेला, आणि वडील आजारी. ऑनलाइन नसतं तर शिक्षण सोडलंच असतं. फौंड्र्या थोड्या दिवसांनी परवानगीनं सुरू झाल्या. शक्यतो सेकंड शिफ्ट करायची, सकाळी लेक्चर. न कळलेलं रात्री आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएल साइटवर बघायचं. आयआयटीच्या सरांची लेक्चरं 2003 पासून चालू आहेत आणि फुकट आहेत, हे आम्हाला लॉकडाऊननंच दाखवलं.

आणि गंमत ऐका. मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसच्या तासाला कास्टिंगचं प्रकरण आलं. सर स्लाइडवर वरची पेटी, खालची पेटी, रायझर दाखवत होते. मी चॅटमध्ये लिहिलं, सर मी आत्ता फौंड्रीतच आहे, दाखवू का? सर हो म्हणाले. साहेबांना विचारलं, तेही हो म्हणाले. मग कॅमेरा चालू करून साठ पोरांना दाखवलं : सँड मुठीत आवळून मोडायची, नीट दोन तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर कोरडी, हाताला चिकटली तर जास्त ओली. धातू ओतल्यावर तो रायझरमधनं वर येतो तेव्हा साचा भरला हे कळतं, आणि आतला धातू थंड होऊन आकसतो तेव्हा रायझर त्याला वरनं धातू पुरवत राहतो. शेवटी एकजण बोलला, 'आरं, रायझर म्हणजे हे व्हय!' त्या दिवशी मला लई भारी वाटलं. वर्गातल्या वर्गात हे झालंच नसतं.

भुदरगडी_गडी

पंक्या, भावा, नाद खुळा! तू एकटा प्रॅक्टिकल केलंस, बाकीच्या कोल्हापूर जिल्ह्यानं व्हिडिओ बघितला.

ब्युरेट_आणि_मी

प्रॅक्टिकलचा विषय निघालाच आहे तर लिहिते, कारण माझ्या मते तोटा खरा तिथं झाला.

आमचं टायट्रेशन व्हिडिओवर झालं. मॅडमनी मनापासून शूट केलं होतं, त्यांना बोल लावायचा नाही. पण टायट्रेशन डोळ्यांनी शिकायचं काम नव्हे. डाव्या हातानं ब्युरेटची चावी, उजव्या हातानं फ्लास्क गोल फिरवत राहायचा. फिनॉल्फ्थॅलीन घातलेल्या आम्लात अल्कली पडलं की थेंबाभोवती गुलाबी ढग येतो आणि विरतो. आधी पटकन विरतो, मग रेंगाळायला लागतो. तो रेंगाळायला लागला की हातानं ओळखायचं, आता धार बंद, थेंब थेंब. मग अर्धा थेंब, ब्युरेटच्या टोकाला लटकलेला, फ्लास्कच्या काठाला टेकवून धुऊन घ्यायचा. फिकट गुलाबी टिकला की थांबायचं. गडद झाला तर गेलं, पुन्हा पहिल्यापासून.

व्हिडिओत तो गुलाबी रंग पहिल्याच वेळी बरोबर यायचा. एम.एस्सी.ला प्रयोगशाळेत उभी राहिले तेव्हा परमँगनेटचं रीडिंग वरच्या कडेनं घ्यायचं, गडद रंगात खालची कड दिसत नाही म्हणून, एवढंसुद्धा शेजारच्या मुलीनं सांगितलं. आमच्या बॅचला बी.एस्सी.त मार्क छान पडलेत. ते मार्क आणि तो हात यांचा मेळ बसायला पुढची दोन वर्षं गेली. काहींचा अजून बसलेला नाही, आणि ती मुलं आज फार्मा कंपन्यांच्या क्यूसीत, म्हणजे औषधांचा दर्जा तपासायला, उभी आहेत.

खडू_डस्टर

एक शिक्षक म्हणून लिहितो. आमची बाजू इथं कुणी मांडली नाही.

सुरुवातीला आमच्याकडं साधनं काय होती? सुताराकडून पाटाला भोक पाडून घेतलं, पाट दोन डब्यांवर ठेवला, भोकावर मोबाईल पालथा आणि खाली कागद. त्या कागदावर गणितं सोडवून दाखवली. झूम फुकटचं होतं, चाळीस मिनिटांनी बंद पडायचं, म्हणून सिद्धता पस्तिसाव्या मिनिटाला संपवायची सवय लागली. समोर मुलांची नावं, चेहरे नाहीत. वर्गात एखाद्याच्या कपाळावर आठी पडली की मी परत मागं जातो. इथं आठी दिसायचीच नाही. 'कळलं का?' विचारलं की 'येस सर' अशी ओळ यायची.

दोन गोष्टींची गल्लत मात्र करू नये. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. दूरशिक्षणाला लागणारी पुस्तकं वेगळी लिहावी लागतात, स्वाध्याय वेगळे, अभ्यासकेंद्रं वेगळी. आपण 2020 मध्ये केलं ते दूरशिक्षण नव्हतं. वर्गासाठी आखलेला अभ्यासक्रम उचलून मोबाईलवर ठेवला. संकटात दुसरा इलाज नव्हता. पण त्यावरून 'ऑनलाइन वाईट' ठरवणं चूक, तसंच 'ऑनलाइन जमतं की' म्हणून शिक्षकांच्या जागा न भरणं त्याहून चूक.

दत्तवाडकर

सर, पोरांचे कॅमेरे बंद का होते तेही लिहा की. आमच्या घरी एकच खोली. मागं आजी झोपलेली, दोरीवर कपडे. ते सगळ्या वर्गाला कोण दाखवेल?

खडू_डस्टर

बरोबर आहे. म्हणून मी कधी सक्ती केली नाही. ज्यांनी केली त्यांच्याशी आमच्या स्टाफरूममध्ये वादही झाले.

गोठ्यातला_इंजिनियर

माझी ओरल सायंकाळी होती, नेमकी डेअरीला दूध घालायच्या वेळेला. एक्स्टर्नलनी प्रश्न विचारला आणि माझ्याआधी म्हैस बोलली. सर म्हणाले, 'तिचं उत्तर घेऊ का तुमचं?' सगळे हसले, मीही हसलो, भीती गेली आणि पुढची सगळी उत्तरं बरोबर आली.

पंचगंगा_तालीम

आता परीक्षेवर कोणी बोलणार आहे की नाही? सगळे मूळ दुखणं सोडून बोलताय. आमची बॅच 2020 ची, शेवटचं वर्ष. 'कोविड बॅच' म्हणून मुलाखतीत तोंडावर ऐकून घेतलंय.

क्रम लक्षात ठेवा. जून 2020 मध्ये राज्य सरकार म्हणालं, अंतिम वर्षाची परीक्षा नाही, आधीच्या सत्रांवरून सरासरी. 6 जुलैला यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं सांगितलं, परीक्षा घ्याच, 30 सप्टेंबरपर्यंत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 28 ऑगस्टला निकाल आला, परीक्षेशिवाय पदवी नाही, राज्याला मुदत वाढवून मागता येईल. मग ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्न, घरात बसून. म्हणजे मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत आम्हाला अभ्यास करायचा की नाही हेच माहीत नव्हतं. त्यात नोकरीची ऑफर असलेल्यांच्या ऑफरी गेल्या. आणि शेवटी दोष कुणाला? आम्हाला. 'फुकट पास.'

शाहूपुरी_सहावी_गल्ली

राग येणार असेल तर येऊ दे, पण ऑनलाइन परीक्षेत व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं फिरत होती हे खरं की खोटं?

पंचगंगा_तालीम

खरं. पण ज्यांनी प्रामाणिकपणे पेपर सोडवला त्यांनी ते कसं सिद्ध करायचं? माझ्या शेजारच्या मुलीनं ग्रुपच सोडला होता परीक्षेच्या आठवड्यात. तिलाही तेच बोलणं ऐकावं लागतं.

खडू_डस्टर

चार पर्यायांत उत्तर देऊन तीन वर्षांची पदवी मोजली, तिथंच घोटाळा झाला. पुस्तक उघडं ठेवून विचार करून लिहायचे प्रश्न काढता आले असते. पण लाखो उत्तरपत्रिका त्या काळात तपासायच्या कशा, हा प्रश्नही खोटा नव्हता.

शिरोळ_ऊसवाला

राधानगरीवाले रेंजचं सांगतात, आमच्याकडं टॉवर दारात. पण आमचं गाव नदीच्या काठावर. 2019 चा महापूर अजून भिंतीवर ओल धरून होता आणि जुलै 2021 ला परत पाणी आलं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी 43 फूट, तेव्हा पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं. शिरोलीजवळ हायवे बंद. आम्ही जनावरं घेऊन वरच्या गावात, शाळेच्या छावणीत. चार्जिंगला एक बोर्ड, त्याला तीस मोबाईल. आजारपणाची भीती वेगळी, कारण दुसरी लाट आमच्या जिल्ह्यात लवकर उतरलीच नव्हती, बाकीचे जिल्हे उघडत असताना आपण निर्बंधातच होतो.

असाइनमेंट अपलोड करायची शेवटची तारीख त्याच आठवड्यात. मी आमच्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, 'आधी जनावरं बघ, तारखेचं मी बघते.' आणि त्यांनी बघितलं. हे आवर्जून लिहायचं होतं.

खानावळ_नं_१

एसटीनं येणारा डबा आठवतोय का कुणाला? गावाकडनं आई सकाळच्या गाडीला डबा द्यायची, कंडक्टर ओळखीचा, आपण स्टँडवर जाऊन घ्यायचा. आमच्या खोलीत पाच गावांचे पाच डबे यायचे. एसटी बंद झाली तिथं हे सगळंच थांबलं.

भुदरगडी_गडी

आठवतोय म्हणजे काय! गारगोटीच्या गाडीतनं यायचा. डब्यावर खडूनं नाव. एकाच्या डब्यात सुकट आली की त्या दिवशी त्याची खोली भरलेली.

कुंभी_काठ

आणि मिसळ खायला कुणाच्यात जायचं यावरनं भांडणं. ते राहू द्या, वेगळा धागा लागंल त्याला.

ब्युरेट_आणि_मी

डबा हा विषय सोडून नाहीये. दाजीपूरच्या ताईंनी सुरुवातीला लिहिलं तेच आहे हे. पोटाची काळजी घरानं घ्यायची, जागा बोर्डिंगनं द्यायची, शिकवायचं कॉलेजनं. तिघं मिळून एक मुलगी शिकायची. लॉकडाऊनमध्ये तिन्ही कामं एकाच घरावर पडली. आणि त्या घरात रोजगारही बंद.

हातकणंगलेची_सून

हे मात्र पटलं.

दत्तवाडकर

कॉलेजं परत उघडली तीही तुकड्या-तुकड्यांत. फेब्रुवारी 2021 मध्ये निम्म्या उपस्थितीत, लगेच बंद. मग 20 ऑक्टोबर 2021, दोन डोस घेतलेल्यांना. जानेवारी 2022 मध्ये परत बंद, फेब्रुवारीत उघडली. दर वेळी होस्टेलची खोली घ्यायची की नाही, डिपॉझिट भरायचं की नाही? माझ्या मित्रानं तिसऱ्यांदा बोजा उचलण्याऐवजी शिक्षणच सोडलं. आज तो ट्रॅक्टर चालवतो, चांगला कमावतो, पण कॉलेजचा विषय काढला की उठून जातो.

दाजीपूरची_लेक

एवढं सगळं वाचून डोळे भरून आले. आता धागा काढायचं कारण सांगते.

आमच्या गावात दूध संस्थेच्या इमारतीवरची खोली मोकळी आहे. ती अभ्यासिकेसाठी मिळावी म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा आहे. आता सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स आहेत, विद्यापीठानं मानले तर त्यांचे क्रेडिटही मिळतात, एमपीएससी करणाऱ्या मुली आहेत, बाहेरून पदवी करणाऱ्या सुना आहेत. म्हणजे घरात बसून शिकणं संपलेलं नाही, वाढणारच आहे. अर्जात काय काय मागावं? वायफाय आणि टेबल-खुर्च्या लिहिल्यात. अजून काय?

भुदरगडी_गडी

इन्व्हर्टर. तुमच्याकडं पावसात लाईट गेली की तीन-तीन दिवस येत नाही.

फौंड्रीवाला_पंक्या

प्रत्येक टेबलाला प्लग. वायरिंग आधीच करून घ्या, नंतर भिंत फोडायला कोण येत नाही. टेबलं लोखंडी हवी असतील तर सांगा, आमच्यातली पोरं मजुरी न घेता वेल्डिंग करून देतील, मटेरियल तेवढं तुमचं.

खडू_डस्टर

पुस्तकं मी गोळा करतो. आमच्याकडं निवृत्त प्राध्यापकांची कपाटंच्या कपाटं पडून आहेत. शिवाय शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात संदर्भ शोधायला कुणी आलं तर मी स्वतः सोबत येईन.

पंचगंगा_तालीम

वर कडक बोललो, त्याचा राग मानू नका. संगणक एक देतो, जुना आहे पण चालतो.

हातकणंगलेची_सून

पोरांनो, तुम्ही सगळं सांगितलंत आणि मुख्य राहिलं. वेगळं शौचालय, आतून कडी लागणारं. दुसरं, दुपारी बारा ते तीन फक्त बायका-मुलींसाठी, तसा बोर्ड लावा आणि ठरावातच लिहून घ्या, नाहीतर महिन्याभरात तिथं पत्त्यांचा डाव बसेल. तिसरं, किल्ली कुणाकडं राहणार ते आधी ठरवा. अंगणवाडीच्या ताई किंवा आशाताईंकडं दिली तर उत्तम. त्यांच्या शब्दावर घरातल्या म्हाताऱ्या बायका सुनांना पाठवतात.

दाजीपूरची_लेक

ताई, तिन्ही मुद्दे अर्जात घातले. ग्रामसभेत मांडायला मीच उभी राहणार आहे. आशाताईंना उद्या सकाळी भेटते, किल्लीचं विचारून इथं कळवते. पंक्यादादा, टेबलांची मापं तुम्हाला मेसेज करू का?

फौंड्रीवाला_पंक्या

कर. खोलीची लांबी-रुंदी आणि खिडक्या कुठल्या भिंतीला आहेत तेवढं पाठव, उजेड बघून टेबलं लावू.